कोष्टकात नसलेला आकडा

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका 24 वर्षांच्या, अमरावती जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावच्या. घरी कपाशी आणि तूर. केमिकल इंजिनिअरिंग झाल्यावर पुण्या-मुंबईला न जाता त्या गावाजवळच्याच एका लहान कारखान्यात लागल्या. तिथे संत्र्यावर, कपाशीवर फवारायचं चिलेटेड झिंक, म्हणजे झिंक ईडीटीएची पावडर तयार होते. ड्रायरमधून पावडर 80 अंशांवर निघते. तशीच पोत्यात भरली की तिचे गठ्ठे होतात, म्हणून मालकांनी कूलर घ्यायचं ठरवलं: ताशी 500 किलो, 80 वरून 45 अंशांवर. कूलरवाल्याने पावडरीची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे सीपी (एक किलो पावडर एक अंश तापवायला किती किलोज्युल उष्णता लागते तो आकडा), मागितली. कोणत्याही हँडबुकात ती मिळाली नाही. रेणूतल्या अणूंचे वाटे बेरीज करून सीपीचा अंदाज देणाऱ्या कॉपच्या नियमाने 1.1417 आली, त्याच्याच सुधारित रूपाने 1.0598. कूलरवाला म्हणाला, "1 धरा." कॉलेजमधल्या एका सिनियरने 0.8 सांगितली. मालक म्हणतात, "इंजिनिअर हायेत ना तुम्ही, मंग एक आकडा सांगून टाका ना." त्या विचारतात: "न मोजलेला आकडा सही करून देणं ही लबाडी नाही का? शहरातल्या कंपन्या मोजून घेतात, आम्ही खेड्यातले अंदाज करतो. कूलर लहान पडला तर लोक म्हणतील, पोरीला इंजिनिअर करून काय मिळालं?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सीपीसाठी, दुसऱ्यांदा त्या शेवटच्या वाक्यासाठी. गावातून शिकून गावातच परत आलेल्या माणसाच्या प्रत्येक आकड्यावर सगळ्यांची नजर असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून लबाडीचा प्रश्न आधी घेतो, कूलर मग.

दिवाळीच्या आधी बांधावर उभं राहून तुमचे वडील कपाशीकडे बघतात. चार-सहा झाडांची बोंडं मोजतात, आणि "एकरी सहा ते आठ क्विंटल होईल" असं काहीसं म्हणतात. त्या आकड्यावर ते वेचणीची मजुरी ठरवतात, कृषी केंद्राची उधारी कधी फिटेल तेही ठरवतात. याला तुम्ही लबाडी म्हणाल का? ते "सहा ते आठ" म्हणतात, "6.83" म्हणत नाहीत. किती खात्री आहे, ते त्यांच्या बोलण्यातच येतं. तुमचा 1.1417 मला खटकला तो इथे. अंदाज करण्यात काही वावगं नाही. पण अंदाजाला चार दशांश स्थळं लावली की तो मोजलेल्या आकड्याचा वेश घेतो. कूलरवाल्याला 1.1 कळवा आणि पुढे "10 टक्के इकडे-तिकडे" असं लिहा. तेवढ्याने तुमची सही खरी राहते.

दुसरी गोष्ट, अंदाज हे खेड्याचं काम नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या डिझाइन ऑफिसांतही ज्या पदार्थांचं मोजमाप मिळत नाही, त्यांच्या सीपी अशाच काढतात. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पद्धती बसवलेल्याच असतात. तुम्ही वापरलेला नियमही काही घाईत काढलेला तोडगा नाही. ड्यूलाँ आणि पेटी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1819 मध्ये दाखवलं की घन मूलद्रव्यांत एका मोल अणूंना एक अंश तापवायला साधारण सारखीच उष्णता लागते, आजच्या एककांत जवळपास 25 ज्युल. 1860 च्या दशकात हर्मान कॉप या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हेच संयुगांना लावलं: प्रत्येक अणूचा वाटा धरा आणि बेरीज करा. त्याच्या लक्षात आलं की जड अणूंना 26 चालतो, पण हलक्यांचा वाटा कमी धरावा लागतो. म्हणून आपल्या पुस्तकांत कार्बन 7.5, हायड्रोजन 9.6, ऑक्सिजन 17, फ्लोरिन 21, सल्फर 26 आणि बाकीच्यांना सरसकट 26 असे आकडे असतात. हलके अणू घट्ट बंधांनी बांधलेले असतात. खोलीच्या तापमानाला त्यांची कंपनं पुरती जागीच झालेली नसतात, म्हणून ते उष्णताही कमी घेतात. हे कोडं आइन्स्टाइनने 1907 मध्ये उलगडलं. तुमच्या पावडरीच्या दृष्टीने त्यातलं कामाचं एवढंच, की कॉपचे आकडे खोलीच्या तापमानाच्या आसपासचे आहेत आणि तापमान वाढलं की सेंद्रिय पदार्थांची सीपीही वाढते.

आता प्रश्न असा, की तुमच्या दोन उत्तरांपैकी कोणावर भरवसा ठेवायचा? बाजारात कापसाचा काटा शंकास्पद वाटला तर माणूस माहितीचं वजन त्यावर ठेवून बघतो. तेच करा. ज्यांची मोजलेली सीपी माहीत आहे असे पदार्थ दोन्ही नियमांवर चढवून बघा. मी करून पाहिलं. जिप्सममध्ये कॉपचा नियम 192 देतो (हे आकडे एका मोलला एक अंशामागे ज्युलमध्ये) आणि मोजलेला आकडा 186 आहे, म्हणजे छान जमलं. साध्या मिठात 52 च्या जागी 50.5. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 84.5 च्या जागी 83 च्या आसपास. खनिज क्षारांवर हा काटा बरा चालतो.

मग युरिया चढवला. युरियात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन चारही आहेत, तुमच्या चिलेटसारखेच. कॉप म्हणतो 115, मोजलेला आकडा 93. म्हणजे जवळपास चोवीस टक्के जास्त. बहुतेक दोष नायट्रोजनला "बाकीच्यां"मध्ये टाकून 26 दिल्याचा. ग्लुकोजमध्येही 262 येतो आणि खरा 219 च्या जवळ आहे. 1992 मध्ये हर्स्ट आणि हॅरिसन यांनी हे वाटे पुन्हा बसवले: कार्बन 10.89, हायड्रोजन 7.56, ऑक्सिजन 13.42, नायट्रोजन 18.74, सोडियम 26.19. या काट्यावर युरिया 92 येतो, जवळजवळ अचूक. ग्लुकोज 237 येतो, अजूनही जास्तच, पण चूक निम्म्याहून कमी झाली.

तेव्हा सोडियम आणि झिंक असलेल्या, पण मुळात सेंद्रिय असलेल्या तुमच्या पदार्थासाठी सुधारित नियमाचा 1.06 मला जास्त पटतो. चूक असलीच तर तीही थोडी जास्तीच्या बाजूची असावी. मात्र ड्रायरमधून निघताना पावडर 80 अंशांवर असते आणि तापमानाबरोबर सीपी वाढते, म्हणून कोरड्या पावडरीला 1.1 धरणं मला योग्य वाटतं.

सिनियरने सांगितलेला 0.8 हवेतून आलेला नाही. मीठ, चुनखडी यांची सीपी 0.8 ते 0.9 किलोज्युल प्रति किलो प्रति अंश असतेच. पण तुमच्या एका किलोत कार्बन-हायड्रोजनसारखे हलके अणू भरपूर आहेत, म्हणजे किलोमागे अणूंची संख्या जास्त आणि सीपीही जास्त. कूलरवाल्याचा 1 सुद्धा सवयीचा आकडा आहे. त्याच्यावर रागावू नका, फक्त तो तुमच्या कोऱ्या कागदावर उतरू देऊ नका.

इथवर आपण 1.06 की 1.14 या वादात होतो. फरक सात-आठ टक्क्यांचा. आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट सांगतो, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे: तुमच्या पोत्यात नक्की काय आहे?

तुम्ही हिशोब केलात तो शुद्ध, निर्जल डायसोडियम झिंक ईडीटीएचा. रेणुभार साधारण 399.6, त्यात झिंक सोळा टक्क्यांच्या वर. पण पोत्यावर तुम्ही किमान 12 टक्के झिंक लिहिता, कारण खत नियंत्रण आदेशाला तेवढंच लागतं. मधल्या जागेत स्फटिकपाणी आहे, मोकळा ओलावा आहे, प्रक्रियेतून राहिलेले क्षार आहेत. आणि पाण्याचा हिशोब दोन प्रकारचा. स्फटिकात बांधलेलं पाणी साधारण बर्फासारखं वागतं. कॉपच्या नियमाने त्याच्या एका रेणूला 36.2 येतात, म्हणजे किलोमागे 2 किलोज्युल, आणि बर्फाची सीपीही 2.1 च्या आसपासच आहे. मोकळ्या ओलाव्याला मात्र पूर्ण 4.18 द्यावे लागतात. कोरड्या पावडरीची 1.1 असेल आणि तिच्यात 5 टक्के मोकळा ओलावा राहिला, तर मिश्रणाची सीपी 1.25 होते. चौदा टक्के वाढ! तुम्ही ज्या दोन नियमांमध्ये रात्र जागून काढली, त्यांच्यातल्या फरकाच्या जवळपास दुप्पट.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात अशाच एका दाणेदार मालाच्या कूलरचा हिशोब माझ्याकडे आला होता. मी नमुना घेतला जानेवारीत, कोरड्या थंडीतला. सीपी चांगली काढली, कूलर बसला, आणि मी निर्धास्त झालो. जुलैत गोदामातून निरोप आला. जाऊन बघतो तर थप्पीतल्या खालच्या पोत्यांचे दगड झालेले. हमाल एकेक पोतं खांद्यापर्यंत उचलून जमिनीवर आपटत होते, आणि तरी आतला गड्डा फुटत नव्हता. एका पोत्याची शिवण उसवली तेव्हा आत हात घालून बघितलं. कडेला पावडर गार, मध्यभागी अजून कोमट, आणि दोन्हींच्या मधोमध ओलसर, कडक थर. आतल्या उष्णतेने ओलावा बाहेरच्या थंड भागाकडे सरकला होता आणि तिथे दाणे एकमेकांना चिकटले होते. सीपीत माझी चूक नव्हती. पावसाळ्यात ड्रायरमधून निघणाऱ्या मालात ओलावा जास्त होता आणि तो मी विचारलाच नव्हता. त्या आपटण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून पहिलं काम हे करा. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, ड्रायरच्या तोंडाशी, हवाबंद डब्यात नमुने घ्या आणि ओलावा काढा. 105 अंशांवर वाळवून येणाऱ्या आकड्यात बांधलेलं पाणीही थोडं मिसळतं, हे लक्षात असू द्या. कार्ल फिशरची, म्हणजे पाणी मोजायच्या रासायनिक चाचणीची, सोय होत असेल तर एकूण पाणी नीट कळेल. पावसाळ्यात हेच पुन्हा करा.

मोजून बघायचंच असेल तर तेही अशक्य नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत डीएससी यंत्रावर, म्हणजे नमुना तापवताना त्यात जाणारी उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर, सीपी मोजून मिळते. पण त्यात जाणारा नमुना काही मिलिग्रॅमचा असतो, तेव्हा तो ओलावा न गमावता पोचला पाहिजे. घरच्या पद्धतीनेही होतं. तुमची पावडर पाण्यात विरघळते, म्हणून ती थेट पाण्यात टाकू नका, विरघळण्याची उष्णता सगळा हिशोब बिघडवेल. 200 ग्रॅम पावडर पातळ, चपट्या, घट्ट बंद पाकिटात भरा, गरम पाण्यात 80 अंशांवर ठेवून आतपर्यंत तापू द्या आणि पाकीट बाहेरून चटकन पुसून थर्मासातल्या 30 अंशांच्या अर्धा लिटर पाण्यात सोडा. पाणी पावणेपाच अंशांच्या आसपास चढेल. 0.1 अंश दाखवणारा थर्मामीटर हवा आणि धीर हवा, कारण पावडरीतून उष्णता हळू निघते. आधी हाच प्रयोग तेवढ्याच कोरड्या मिठावर करा. मिठाची सीपी 0.86 आहे. तिथे काही भलतं आलं, तर तुमच्या थर्मासचा आणि पाकिटाचा वाटा किती, ते कळेल.

आता उष्णतेचा एकूण हिशोब बघू. 500 किलो, 35 अंश. सीपी 1.06 धरली तर सव्वापाच किलोवॉटच्या जरा खाली, 1.14 धरली तर साडेपाच, ओलाव्यासकट 1.25 धरली तर सहा. मी डिझाइनला 1.3 घेईन, म्हणजे साधारण 6.3 किलोवॉट. 1.06 वरून 1.3 वर गेल्याने यंत्र थोडं मोठं होईल, मालकांचं दिवाळं निघणार नाही. चूक त्या बाजूला झाली तर परवडते.

पण ताई, कूलरवाल्याने हवा किती अंशांची धरली आहे, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो फ्लुइड बेड कूलर, म्हणजे खालून हवा फुंकून पावडर तरंगत ठेवणारा कूलर, देत असेल, तर त्यात पावडर चांगली ढवळली जाते आणि बाहेर पडणारी हवा जवळजवळ पावडरीच्याच तापमानाची असते. पावडर 45 वर हवी म्हणजे हवाही 45 वर बाहेर पडणार. जानेवारीत दुपारी हवा 28 ची असेल तर तिला 17 अंशांची जागा आहे, ताशी साडेतेराशे किलो हवेत काम होतं. जुलैत 32 ची असेल तर 13 अंशांची जागा, हवा साडेसतराशे किलो लागते, आणि ती दमट असल्याने तुमची पावडर तिच्यातून पाणीही शोषेल. आणि नवतप्यात? आपल्याकडे पारा 46 ला टेकतो. 46 अंशांच्या हवेने पावडर 45 वर कितीही मोठ्या पंख्याने येणार नाही. सीपी तिसऱ्या दशांशापर्यंत अचूक असली तरी नाही. ज्याने "1 धरा" म्हटलं, त्याच्या डिझाइनच्या कागदावर हवेचं तापमान किती लिहिलंय, ते आजच फोन करून विचारा.

यातून वाटा कोणत्या? घरातल्या कूलरसारखी ओली जाळी लावून हवा गार करणं पहिल्यांदा सुचतं, पण हवेत पाणी भरणं म्हणजे तुमच्या पावडरीला विषच. थंड आणि कोरडी केलेली हवा चालेल, पण तिचं यंत्र आणि वीजबिल लहान कारखान्याला जड जातं. मला तुमच्या जागेसाठी फिरत्या स्क्रूने पावडर पुढे ढकलणारा आणि बाहेरून पाण्याचं जॅकेट असलेला स्क्रू कन्व्हेअर किंवा तसाच अप्रत्यक्ष कूलर बरा वाटतो. हवा पावडरीला लागत नाही, म्हणून पावसाळ्याची भीती कमी होते. मात्र त्यात उष्णता पावडरीतून धातूच्या भिंतीत किती वेगाने ओढली जाते, ही अनिश्चितता सीपीपेक्षा मोठी आहे, तेव्हा कूलरवाल्याकडून तुमच्याच पावडरीवर चाचणी मागा. पन्नास-शंभर किलो माल पाठवायला मालक नाही म्हणणार नाहीत.

आणि पाणी. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी थेट जॅकेटमध्ये सोडू नका. क्षारांचा थर बसेल, पत्रा खाईल, आणि दोन वर्षांत कूलर नावालाच उरेल. बंद फेऱ्यातलं मऊ पाणी आणि छोटा कूलिंग टॉवर घ्या. आपला उन्हाळा कोरडा आहे, ते इथे कामी येतं: हवा 46 ची असली तरी टॉवरचं पाणी 30 च्या आसपास ठेवता येतं. सहा-साडेसहा किलोवॉटसाठी बाष्पीभवनात तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी जाईल. टॉवरमधलं काही पाणी अधूनमधून बदलावंही लागेल, नाहीतर क्षार साचतील. शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवता आलं तर याच कामाला वापरा.

अजून एक विचारतो. 45 हा आकडा कुठून आला? बहुतेक कोणी तरी सांगितलेला असेल, माझ्या माहितीत झिंक ईडीटीएसाठी असा काही ठरलेला नियम नाही. 50 ला भरूनही गठ्ठे होत नसतील, तर यंत्र लहान चालेल. 45 लाही होत असतील, तर दोष उष्णतेचा नसून ओलाव्याचा आहे, आणि पैसे कूलरवर न घालता ड्रायरवर घालायला हवेत.

मालकांना द्यायचा कागद मी असा लिहीन: "सीपी, कोरडी पावडर, 25 ते 80 अंश: 1.1 किलोज्युल प्रति किलो प्रति अंश, अणुवाट्यांच्या नियमाने काढलेली, 10 टक्के इकडे-तिकडे. ओलावा 5 टक्क्यांपर्यंत गेल्यास 1.25. डिझाइनसाठी 1.3 घ्यावी. हवा मे महिन्यात 46 अंश, जुलैत दमट." खाली तुमची सही आणि तारीख. मालकांनी एक आकडा मागितला होता, तो 1.3 आहे. बाकीच्या ओळी कूलरवाल्यासाठी.

आणि कागद देण्याआधी हे करून घ्या. एका दिवसाच्या मालातून चार पुरचुंड्या भरा: 45, 50, 55 आणि 60 अंशांवर. घट्ट बांधा, गोदामात थप्पीच्या खालच्या थरात, वरच्या पोत्यांच्या वजनाखाली दोन आठवडे ठेवा. प्रत्येकीला तापमान आणि तारखेची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. प्लॅस्टिकवर पेनने लिहिलेलं तिथल्या धुळीत पुसलं जातं.